गच्चीवरचा वारा, अंगणातला गॅस

बुधवारी सकाळी राजाबाईंनी काडी ओढली, पण शेगडी पेटली नाही. शेजारणीचीही नाही. विजापूर रस्त्यावरची अख्खी इमारत चहाविना बसली.

ही सारी करामत तिथल्याच मडिवाळप्पाची. गच्चीवर मोटारीचा डायनामो जोडलेली पवनचक्की, जिन्याखाली बॅटऱ्या, अंगणात गोबरगॅसची टाकी. वारा पडला की गॅसवरचे इंजिन वीज करी. दुसऱ्या दिवशी पुण्याहून तपासनीस यायचे होते. त्यांना पसंत पडले नाही, तर सोसायटी सारे भंगारात काढणार होती.

फौजदार शिवयोगी त्याच इमारतीत राहत. टाकीत शेण सोडायच्या हौदाशी वाकताना त्यांच्या मनात एक ओशाळवाणे समाधान तरळून गेले. त्यांची पत्नी गौरम्मा दिवसरात्र मडिवाळप्पाच्याच दिव्यांचे गोडवे गाई. हौदातल्या शेणात पांढरे खडे होते. हुंगताच नाक झोंबले. त्यांनी एक खडा मुकाट्याने रुमालात बांधला. कोणापाशी अवाक्षर काढले नाही.

रोज बैलगाडीतून शेण पुरवणाऱ्या संगप्पाला त्यांनी विचारले, "परवा सोमवारी शेवटचं शेण कुणी टाकलं?"

"मीच की, सायेब. डोक्यावर पाट्या वाहून. मान अजून धरलीया."

कुंडलिक आपण होऊन आला. हा नातेपुत्याचा, मडिवाळप्पाचा कॉलेजातला जिवलग, आता सुताच्या रंगखान्यात देखरेखीला. संगप्पाचे मडिवाळप्पाशी वाजले होते, असे त्याने सांगितले.

"सोमवारी संध्याकाळी बघितलं की मी. त्यानं फाटकाशी गाडी लावली, ब्लीचिंगचं पोतं हौदात रिकामं केलं."

"गाडी स्वतः पाहिलीत?"

"व्हय. बैलांच्या घुंगरांसकट."

शिवयोगींनी सर्वांना अंगणात बोलावले.

"कुंडलिकराव, हौदात ब्लीचिंग पडलंय हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ते सूत पांढरं करतं, तसे गॅस करणारे जंतूही मारतं. दुसरं, संगप्पा आमच्यातला, बसवण्णाला मानणारा. सोमवार नंदीचा, त्या दिवशी आम्ही बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. म्हणून तर त्यानं पाट्या वाहिल्या. तो गेल्यावर तुम्ही पोतं ओतलंत, आणि रोजची गाडी सोमवारच्या साक्षीला जुंपलीत."

कुंडलिक मडिवाळप्पाकडे वळला. कल्पना दोघांची होती, तो म्हणाला. होस्टेलच्या खोलीत दोघांनी मिळून रचलेली. कागदावर नाव मात्र एकट्या मडिवाळप्पाचे.

"मागितलं असतंस, तर तुझं नाव आधी घातलं असतं, कुंड्या."

"मागावं लागलं असतं, हेच की रं."

गुरुवारी तपासनीस आले. मडिवाळप्पाने काहीच लपवले नाही. गॅस मेला होता, तरी गच्चीवर चक्की फिरत होती आणि प्रत्येक खोलीत दिवा जळत होता. एक खचले तर दुसरे सावरते, हे त्यांना वेगळे समजावावे लागले नाही. त्यांनी पसंती दिली.

शिवयोगी ते सांगायला कुंडलिकच्या कोठडीपाशी गेले. का गेले, हे त्यांचे त्यांनाच नीट उमगले नाही. पण या माणसाशी बोलताना त्यांना परकेपणा वाटत नव्हता.

कुंडलिकने ऐकून घेतले. गजांवरची बोटे हळूहळू सैल झाली.

"म्हणजे माझ्यामुळंच पसंत पडलं," तो म्हणाला. "आणि नाव पुन्हा त्याचंच."