येतो म्हणा

बेटम्याला देवळात कीर्तन होतं आणि पेटीच्या साथीला श्रीहरी. त्यांनी दुपारीच स्कूटर काढली, पेटी पुढ्यात ठेवली. कानाशी मोबाइल. पलीकडून उत्सवाचे व्यवस्थापक दौलतराव हिंदी-मराठीची भेळ करून घाई लावत होते. त्याच भेळीत श्रीहरी पायरी उतरताना म्हणून गेले, "चलो, जातो."

अंबिकाबाई पिठाच्या हातांनी दारात धावल्या. "अहो, जातो काय? येतो म्हणा!"

स्कूटर जुनी इंदूर मोहल्ल्याच्या वळणाआड गेली होती.

"बोलता बोलता म्हणाले गं ते. तू पण ना, काहीही मनाला लावून घेतेस," ऋजुता मधल्या खोलीतून म्हणाली. शाळकरी मुलांना क्वांटम भौतिकी कळावी म्हणून तिची कंपनी एक खेळ बनवत होती. आईचा जीव रमावा म्हणून तिने टॅबलेट पुढे केला.

पडद्यावर घर. दोन खोल्या, दोन्ही दारं बंद. एक छोटा माणूस अंगणातून आत जायचा आणि एकाच वेळी दोन्ही खोल्यांत असायचा. आवाज ऋजुताने बाबांचाच घेतला होता. आत जाताना तो म्हणायचा, "येतो."

"त्यात काय! देव एकाच वेळी घरोघरी जेवतो. बुवा किती रंगवून सांगतात."

"पण इथे दार उघडून बघितलं, की तो एकाच खोलीत सापडतो."

"आणि दुसरीकडचा?"

"खतम. म्हणजे, नसतोच."

अंबिकाबाईंनी खेळ पुन्हा सुरू केला. येतो. पुन्हा. येतो. दार मात्र एकही उघडलं नाही.

"अरे यार आई, लेव्हल पुढे कशी जाणार?"

"नकोच जायला."

दिवेलागणीला दौलतरावांचा फोन आला. "वहिनी, श्रीहरीजी घरीच आहेत का? बुवा खोळंबलेत." मग आवाज खाली आणून, "इकडे येताना धार रोडवर ट्रकने एका स्कूटरला... लोक बोलतायत. आपण घाबरू नका. मी बघून येतो."

मधल्या खोलीत, दोन्हीकडची दारं लोटलेली, ऋजुता बाबांना फोन लावत राहिली. कोणी उचलेना.

एवढ्यात बाहेरच्या खोलीत चपला काढल्याचा आवाज आला. पेटी जमिनीवर टेकली. ओळखीचा खोकला.

"बाबा आले!"

त्याच क्षणी स्वयंपाकघरात नळ सुटला. कोणी पाय धूत होतं. तोच खोकला. मग अभंगाची गुणगुण, तोच सूर, दोन्हीकडून.

आईने लेकीचं मनगट धरलं. "बघू नकोस."

"सोड ना आई!"

"अजून ठरलं नाहीये गं..."

ऋजुताने हात सोडवला आणि बाहेरच्या खोलीचं दार ढकललं.

श्रीहरी खुर्चीत बसले होते. सदऱ्यावर धूळ, पण अंगावर ओरखडा नाही. दमून हसले. अंबिकाबाईंनी रामाला हात जोडले.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

तिकडून श्रीहरींचाच आवाज आला, दुपारसारखा, घाईतला.

"चलो, जातो."

मागचं दार लागलं.

"कोण गेलं गं?" खुर्चीतल्या श्रीहरींनी विचारलं.

अंबिकाबाईंनी पदराचा बोळा तोंडावर घट्ट दाबून धरला. या वेळी त्यांनी ती चूक सुधारली नाही.