थांबू शकते

आमच्या ऑफिसात दिवसभर माणसं जिवाच्या आकांताने मदत मागत असतात आणि आम्ही चहा पीत ते ऐकत असतो. कामच तसं आहे. रुग्णवाहिकेच्या नंबरवर आलेले जुने फोन मशीनला ऐकवायचे, म्हणजे कुठला फोन आधी घ्यायचा आणि कुठला थांबवायचा हे ते शिकतं. शिकतं म्हणजे आपण शिकवू तेच. आपण वाकडं शिकवलं तर तेही इमानेइतबारे वाकडंच चालतं. डेटातला तो वाकडेपणा शोधून सरळ करायचा, याचे मला पैसे मिळतात.

खोली चौथ्या मजल्यावर, खिडक्या न उघडणाऱ्या. एसी एक तर बंद असतो नाही तर हाडं गारठवतो. समोरच्या टेबलावर मास्तर बसतो. त्याने जन्मात कधी शाळेत शिकवलेलं नाही, पण दुसऱ्याची चूक दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, म्हणून मास्तर.

वाकडेपणा मला पहिल्याच आठवड्यात सापडला. एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत मशीनला ऐकवायचं, ही आमची साधी चाचणी. तरुण पुरुष ओरडून ‘छातीत दुखतंय’ म्हणाला की मशीन त्याला सगळ्यांच्या वर घालायचं. तेच एखादी म्हातारी हळू आवाजात म्हणाली की लेबल पडायचं, ‘थांबू शकते’. मशीनचा दोष नव्हता. जुन्या फोनांमध्ये म्हाताऱ्या बायका मुळातच मूठभर. आणि ज्यांनी ते ऐकून लेबलं लावली त्यांना वाटलं असणार, हिला खरंच दुखत असतं तर ही ओरडली नसती का.

मला आत्या आठवली. तिनेच मला वाढवलं. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते, हृदय अशक्त झालंय. मागे तिचं मनगट मोडलं तेव्हा तिने फोन करून आधी माझं जेवण झालं का ते विचारलं होतं. मी तिच्याकडून ते चाचणीचं वाक्य म्हणवून घेतलं आणि मशीनला ऐकवलं. सगळ्यात खाली गेलं. त्यानंतर मला त्या खोलीत स्वस्थ बसवेना.

नवे आवाज गोळा करायला वेळ नव्हता. सोमवारी मशीन सुरू होणार होतं. अशा वेळी आमच्याकडे एक आडवाट असते. जे कमी आहे त्याच्याच प्रती काढायच्या. त्या मूठभर बायकांमध्ये एकीचा फोन अगदी स्वच्छ होता. मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, आणि पुढे तिचा आवाज, “काही घाई नाही. पण जमलं तर कुणाला तरी पाठवा.” तिने सकाळी फोन केला होता, गाडी तिच्याकडे संध्याकाळी पोचली. तोवर ती गेली होती. मी तिचं लेबल बदलून ‘ताबडतोब’ केलं आणि त्या एकाच फोनच्या भाराभर प्रती काढून डेटात मिसळून दिल्या.

“एकाच बाईला इतक्यांदा उभी केलीस तर मशीन फक्त तिलाच ओळखायला लागेल,” मास्तर म्हणाला.

मी म्हटलं, ओळखू दे, तिला कुणीतरी ओळखायला हवंच होतं. मशीन पुन्हा शिकलं, मी आत्याचा आवाज ऐकवला आणि तो थेट सगळ्यात वर गेला. मला इतका आनंद झाला की मास्तरला मी माझ्या पैशाने चहा पाजला.

मिसळलेले फोन मधूनमधून ऐकून बघायची आमच्यात रीत आहे. प्रत म्हणजे प्रत, तिच्यात केसाचाही फरक नसतो. पण मी पहिलीच प्रत लावली आणि घड्याळ ऐकू येईना. आवाज तोच, वाक्य तेच, मागची टिकटिक तेवढी गायब. हेडफोन बिघडला असेल म्हणून मी दुसरा घेतला. दुसऱ्या प्रतीत वाक्य संपल्यावर खुर्ची सरकली.

स्क्रीनवर दोन्हींची लांबी सारखीच दिसत होती. मी मास्तरला बोलावून पहिली प्रत ऐकवली. त्याने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली, घड्याळाची टिकटिक येतेय म्हणाला, आणि माझ्याकडे बघत सुट्टी कधी घेतली होतीस असं विचारलं.

मी उठले. उगाच पाणी प्यायले, जिना उतरून खाली गेले, परत वर आले. ऐकायचं नाही असं ठरवलं आणि हेडफोन कानाला लावला.

पुढच्या प्रतीत चपलांचा आवाज होता.

त्याच्या पुढच्या प्रतीत रस्ता. गाड्या जवळून जात होत्या आणि त्यातून संथपणे त्या चपला चालल्या होत्या.

मग जिना. एकेक पायरी, मध्ये थांबून घेतलेला श्वास, परत पायरी.

मग बेल वाजली.

ती बेल माझ्या ओळखीची होती. पक्ष्याची चिवचिव, अर्ध्यावर घरघरून बंद पडणारी. आत्याच्या दाराची. तिचे सेल बदलून देते असं मी कधीपासून म्हणत होते.

मी घाबरले. आत्याला फोन लावला तर ती भाजी चिरत होती. दारात कोणी आलेलं नव्हतं. “तुझं जेवण झालं का?” तिने विचारलं.

फोन ठेवला आणि मी त्या बाईच्या सगळ्या प्रती पुसून टाकल्या. साहेबांना सांगितलं, एकाच आवाजाच्या प्रती काढणं मुळातच चूक होतं, नवे आवाज मिळेपर्यंत होतं तेच राहू दे. बोलणं इतकं शहाणपणाचं होतं की साहेबांनी मान डोलावली. फक्त मास्तर हळूच म्हणाला, “आणि तुझी आत्या?”

मशीन परत शिकवलं गेलं आणि सोमवारी सकाळी सुरू झालं. आत्याचा आवाज मी त्याला पुन्हा ऐकवला नाही. काय उत्तर येईल ते मला माहीत होतं.

सोमवारी दुपारी तिचाच फोन आला.

“कामात आहेस का गं?”

“नाही. बोल.”

“काही विशेष नाही. तुझ्या ऑफिसातली बाई आलीय. म्हटलं तुला सांगावं.”

मी कोणालाही पाठवलं नाही असं म्हटलं.

“पाठवलंय असंच म्हणाली. नाव नाही सांगत. जिना चढून दमलीय बिचारी, मी खुर्ची दिली बसायला.” ती थांबली. श्वास घेतला. “मलाही सकाळपासून छातीत जरा भरल्यासारखं होतंय.”

“रुग्णवाहिकेला फोन कर. आत्ताच्या आत्ता कर.”

“केला होता गं. थांबा म्हणाले.”

मी पर्स उचलून धावत सुटले होते. शेजारच्यांना हाक मार, दार उघडं ठेव, नाही, दार उघडू नकोस, असं काय काय मी जिन्यातून सांगत होते.

फोनमध्ये बेल वाजली. चिवचिव, अर्ध्यावर घरघर.

“थांब हं,” आत्या म्हणाली.

चपलांचा आवाज लांब गेला. कडी निघाली. कोणीतरी हळू काहीतरी बोललं. मग चपला परत आल्या, आता दोन जणींच्या.

“अगं,” आत्या म्हणाली, “ही पण तीच आहे.”

मागे बेल परत वाजली.

“काही घाई नाही,” ती शांतपणे म्हणाली. “पण जमलं तर ये. घरात खुर्च्या पुरायच्या नाहीत.”