पोकळ चौकोन

घराभोवतीची काँक्रीटची पायवाट जागोजागी उखडली होती. मागच्या बाजूला तिच्याच एका उंचवट्याला ठेच लागून आई पडली, आणि हाड सांधले तरी काठी घेऊनसुद्धा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. रोज सकाळी घराला फेरी घालणारी आई आता खिडकीशी बसून त्या वाटेकडे नुसती पाहत राही. ते पाहवेना, तेव्हा मुलाने गवंड्याला बोलावले.

गवंडी बोलका, हसतमुख माणूस होता. हातोडीने एकेक चौकोन वाजवत तो घराला वळसा घालून आला. सारे चौकोन ‘ठक्’ वाजले. फाटकाजवळचा एक मात्र रिकाम्या डब्यासारखा, ‘डब्’.

“खालची माती खचलीय, साहेब. एवढा फोडून नवा ओतू. बाकी डागडुजीवर भागेल.”

चौकोन फोडला. खाली माती इतकी घट्ट, की पहार आत शिरेना. पोकळी कुठेच नव्हती. गवंड्याने खांदे उडवले, नवे काँक्रीट ओतले, वर ओले गोणपाट अंथरले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचा चौकोन पोकळ वाजला.

“काल हा ठीक होता ना?”

“काल होता.”

“म्हणजे रोज एक फोडायचा. बरी युक्ती आहे.”

“मग हातोडी तुम्हीच धरा की. माझा हात खोटं बोलत असेल, तुमचा तर नाही ना बोलणार?”

मुलाने हातोडी धरली. आवाज तोच आला. तरीही त्याने संशय सोडला नाही. गवंडी लबाड आहे, एवढे मानले की बाकीचे जग जागच्या जागी राहत होते.

पोकळ आवाज वाटेवरून पुढे सरकत राहिला. कोपऱ्यावर वळला. आई पडली होती ती जागा ओलांडून स्वयंपाकघराच्या दाराकडे आला. गवंड्याच्या थट्टा आटत गेल्या. उंबऱ्याला टेकलेला शेवटचा चौकोन त्याने फोडला. खाली तीच घट्ट माती.

नवा चौकोन ओतून त्याने थापी धुतली.

“आता वाट सगळी भरीव आहे, साहेब.”

“आणि आतली फरशी?”

गवंड्याने दाराकडे पाहिले नाही. “आतलं काम मी घेत नाही.”

लबाडी अंगाशी आली म्हणून पळाला, असे मुलाने मनाशी ठरवले. तरी त्याने उंबरा वाजवून पाहिला. मग फरशी, मग भिंती. सारे भरीव.

गोणपाट निघाले त्या सकाळी आई आपणहून उठली.

“काठी घे, आई.”

“राहू दे रे. अंग कसं हलकं वाटतंय.”

ती दारातून उतरली आणि न अडखळता घराला फेरी घालून आली. मुलाचे डोळे भरून आले. त्या भल्या माणसाविषयी आपण मनात किती किल्मिष धरले, याची त्याला लाज वाटली.

आई खुर्चीत टेकली. पाणी पिताना तिला ठसका लागला.

त्याने तिच्या पाठीवर थाप मारली.

‘डब्.’

त्याचा हात तिथेच थांबला. ठसका ओसरला. मग मागे वळून न पाहता आई हळूच म्हणाली,

“वाजवून काय बघतोस?”