मोटरचा नंबर

गोकुळची शेती फर्दापूरला आणि गोकुळ तिथून शंभरावर किलोमीटर दूर, बजाजनगरात कंपनीत, पण अडत काहीच नव्हतं. विहिरीवरच्या स्टार्टरच्या डब्यात सिम होतं. चहाच्या सुट्टीत कंपनीच्या गेटबाहेर येऊन फोन लावायचा, डब्यातली बाई म्हणायची, "मोटर चालू झाली आहे," की तिकडं पाणी सुरू. पायाला चिखल लागायचा नाही. त्याची आई, कडूबाई, म्हणायची, "उद्या मला अग्नीबी फोनवरूनच दे." तो हसण्यावारी न्यायचा.

गेल्या मंगळवारी दुपारी त्याने असाच फोन लावला.

"थांब," बाई म्हणाली.

आवाज तोच, शांत, रेकॉर्ड केलेला. डबा बिघडला असावा म्हणून त्याने पुन्हा लावला.

"थांब. तुझी माय हिरीत हाय."

चहा त्याच्या शर्टावर सांडला. आईचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग त्याने शेजारच्या शेतातल्या बन्सीला लावला.

"बन्सीदादा, पळ! माय हिरीत पडली!"

तुला कुणी सांगितलं, हे विचारायला बन्सी थांबला नाही.

सिल्लोड येईपर्यंत गोकुळने मोटारसायकलवर आठवतील तेवढ्या देवांना हाका मारल्या. तिथं बन्सीचा फोन आला. "काढली वर. पायपाला धरून व्हती. बरी हाय." गाडी कडेला घेऊन गोकुळ भर उन्हात हमसून हमसून रडला.

घरी आई गोधडी पांघरून बसली होती. त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि नारळ घेऊन तसाच विहिरीवर निघाला. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. त्या डब्याने त्याची आई परत दिली होती. जन्मभर त्याला हात जोडायला तो तयार होता.

विहिरीवर बन्सी होता, तो हसलाच. "नारळ कुणाला फोडतो? डबा तर म्या सकाळीच दुरुस्तीला नेला. तुला सांगायचं राह्यलं बघ. मोटर बंद, म्हणून तर काकू घागर घेऊन खाली उतरल्या. हे घे तुझं सिम."

सिम त्याच्या तळहातावर होतं. डब्याच्या जागी खांबावर नुसते खिळे.

गोकुळचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, मोटर.

त्याने उचलला. "बाई," तो कसाबसा म्हणाला, "लई उपकार झाले."

पलीकडं विहिरीत घुमावा तसा पाण्याचा आवाज.

"माय निघाली ना हिरीबाहेर? मग आता मलाबी काढ."