तळ्याकाठची राख

लढाई संपून हवालदार नाथाजी गावी परतला, त्याच्या दुसऱ्या थंडीतली गोष्ट. कृष्णाकाठच्या मळ्यात त्यानं विहिरीलगत एक तळं खणून त्यात मरळ मासे सोडले होते. शेजारीच त्याच्या बायकोच्या, मनुबाईच्या, कोंबड्यांचं खुराडं. त्याआधीच्या पावसाळ्यात मनुबाई मुदतीच्या तापानं मिरजेच्या दवाखान्यात पडून होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आणि एका पहाटे ती उठून बसली, म्हणाली, "भूक लागलीया." एवढा लढाईवरचा गडी, पण तवा ढसाढसा रडला.

ती घरी आली आणि दिवाळीपासून मासे घटू लागले. काठावर खवले, अर्धी मुंडकी. अर्जुना भोयानं चिखलातलं पाऊल दाखवलं. "बोटांत पडदा हाय बघा, हवालदार. पाणमांजर. मासं सरलं की कोंबड्यांवर येतंय."

नाथाजीनं तळ्याभोवती बाभळीचं कुंपण घातलं, दोन लोखंडी चाप लावले. मासे जातच राहिले. जनावर नदीतनं येतं कसं ते बघायला एका संध्याकाळी त्यानं नदीकडच्या वाटेवर चुलीतली राख चाळून पसरली.

सकाळी राख जशीच्या तशी होती. ओली पावलं होती ती दुसऱ्याच अंगाला. तळ्यातून निघालेली, खुराड्याला वळसा घालून घराकडं गेलेली. माघारी फिरल्याची खूण नव्हती.

त्यानं कणगीमागं बघितलं, माळा बघितला, सरपण उलथंपालथं केलं. काही नाही. कोंबड्या मात्र एकूण एक शाबूत.

"आवं, कोंबड्यांस्नी धक्का लावत न्हाई न्हवं?" मनुबाई हसली. "मग खाऊ द्या की चार मासं. किती जीव जाळतासा!" तिनं त्याच्या ताटात फुगलेली भाकरी टाकली.

त्या संध्याकाळी त्यानं राख पसरली ती उंबऱ्यापासून तळ्यापर्यंत.

उजाडल्यावर तो दारात उभा राहिला. तळ्याकडून उंबऱ्यापर्यंत पाणमांजराची पावलं आली होती. आणि उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत गेली होती ती माणसाची. अनवाणी. लहान. डावा पाय जरा आत वळलेला.

तो पाय त्यानं दवाखान्यात महिनाभर चेपला होता.

आत मनुबाई चुलीपुढं बसली होती.

"न्हालीस व्हय गं?"

"न्हाई की." तिचा हात केसांकडं गेला. ओल्या तळव्याकडं ती बघत राहिली. मग त्याच्याकडं. लहान पोरीसारखी घाबरून.

नाथाजी तिच्यामागं बसला. खांद्यावरचा पंचा काढला आणि तिचे केस हळूहळू कोरडे करू लागला. केसांना शेवाळाचा वास होता.

मग बाहेर जाऊन त्यानं राख झाडून काढली. चाप मोडून विहिरीत टाकले. कुंपणाची एकेक फांदी उपसायला लागला, तशी ती दारात आली.

"का वं काढताय?"

"पायात काटं रुततील."

कुणाच्या, ते मनुबाईनं विचारलं नाही.