वेळ संपली, मामा

बियाकाची आणि माझी पहिली भेट झाली ती एका भाजलेल्या कणसावरून.

ऐझॉलच्या आमच्या वस्तीत नगरपालिकेची निवडणूक लागली होती. सगळ्या उमेदवारांना, पू म्हणजे श्रीयुत असोत की पी म्हणजे श्रीमती, एकाच व्यासपीठावर बसवून लोकांसमोर बोलायला लावायचं, ही आमच्या चर्चच्या मंडळीची रीत. मी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकत होते, म्हणून वेळ संपल्याची घंटा वाजवण्याचं काम माझ्याकडे आलं. सभागृहात मी खुर्च्या मांडत होते, तेवढ्यात एक उंच, सडपातळ मुलगा आत आला. हातात दोन कणसं. एक त्यानं माझ्यापुढे धरलं.

"तू रोडिंगी ना? घंटेवाली?"

"हो."

"मी बियाका. पू लियाना निवडणुकीला उभे आहेत ना, त्यांचा भाचा. मामांना बोलायला जरा जास्त वेळ मिळेल का?"

"एका कणसात?"

"तिखटमीठ लावलंय," तो गंभीरपणे म्हणाला.

मी हसू दाबलं, कणीस घेतलं, खाल्लं... आणि वेळ मिळणार नाही म्हणून सांगितलं. खिडकीतून ढग आत शिरला होता. त्या पांढऱ्या धुरकटपणात तो असा काही हसला, की मी उगाचच मांडलेल्या खुर्च्या पुन्हा मांडू लागले.

मग तो भेटतच राहिला. रविवारच्या उपासनेत तो ढोल वाजवायचा आणि मधूनच माझ्याकडे बघायचा. मी बघितलं की ठेका चुकायचा. पायऱ्या चढताना पाऊस आला, तर त्याची छत्री सगळी माझ्यावर आणि खांदा त्याचा भिजलेला. एकदा त्यानं विचारलं, देवाच्या कामात तू निवडणूक कशाला आणतेस? मी म्हटलं, मला दोन्ही सारखंच वाटतं. प्रार्थनेतही आपण कुणासाठी तरी मागतो, मत देतानाही.

"आणि दोन्हीकडे उत्तर उशिराच येतं," तो म्हणाला.

मला मागायचं होतं ते पाण्यासाठी. वस्तीच्या खाली डोंगराच्या कुशीत आमचा झरा आहे. नळ कोरडे पडले की सगळी वस्ती त्याच्यावर जगते. त्याच्या वरचाच डोंगर कापून गाड्या उभ्या करायला जागा करायचं चाललं होतं. कंत्राटदार पू लियानांचा दोस्त. सभेत हा प्रश्न घ्या, असं मी समितीला विनवलं. वडीलधारे म्हणाले, मंडळीचा मंच आहे, कुणाला दुखवायचं नाही. चर्चच्या पाळकांनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं, की श्रोत्यांतून कुणीही काहीही विचारू शकतं. फक्त जिच्या हातात घंटा, तिला नाही.

सभेच्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. भाषणं झाली, प्रश्नांची वेळ आली. पहिल्या रांगेत कंत्राटदाराची माणसं बसली होती, त्यामुळे कुणी उठेना. मी डोळे मिटून देवाकडे थोडं धैर्य मागितलं आणि घंटा उचलून सरळ ढोलापाशी बसलेल्या बियाकाकडे गेले.

"ही धर."

"मी?" बियाका पांढरा पडला. "अगं, ते माझे मामा आहेत."

"माहीत आहे. पण माझा तुझ्यावर विश्वास आहे."

सभागृहात कुजबुज उठली. पाळकांनी होकाराची मान हलवली. मी श्रोत्यांत जाऊन उभी राहिले आणि विचारलं, निवडून आलात तर झऱ्यावरचा डोंगर कापू देणार की नाही?

दुसऱ्या उमेदवार पी झोनुनी, जुन्या मुख्याध्यापिका. त्या "नाही" म्हणाल्या आणि खाली बसल्या. पू लियाना उठले. विकासावर बोलले, तरुणांवर बोलले, आपल्या आजोबांवर बोलले. डोंगर काही येईना. वेळ संपत आली. मागे वळून बघायची माझी छाती होत नव्हती...

घंटा वाजली.

पू लियाना हसले आणि बोलतच राहिले. घंटा पुन्हा वाजली, या वेळी लांब.

"वेळ संपली, मामा," बियाका म्हणाला. "तिनं फक्त हो की नाही विचारलंय."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "सांगा की, हो की नाही?" मग तिच्या शेजारची, मग अख्खं सभागृह. पू लियानांनी कपाळ पुसलं आणि सगळ्यांच्या साक्षीनं म्हणाले, "नाही कापू देणार."

पुढे निवडून तेच आले, आणि शब्दाला जागले. डोंगर आजही उभा आहे, झराही वाहतोय. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी मी बाहेर आले, तर बियाका पायरीवर एकटाच बसला होता.

"मामा चिडलेत?"

"जेवायला येऊ नकोस म्हणालेत."

"पस्तावतोयस?"

"नाही. पण हात अजून थरथरतोय. बघ..."

बघायला म्हणून मी तो हातात घेतला, आणि मग सोडलाच नाही. तसेच आम्ही आमच्या दारापर्यंत चढून आलो. घरातून धुरावलेल्या मांसाचा आणि मोहरीच्या पाल्याचा वास येत होता. आईनं दार उघडलं, आधी आमच्या हातांकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"हा कोण गं?"

"बियाका," मी म्हटलं. "माझा."

त्याची बोटं माझ्या बोटांत घट्ट झाली. आईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग दारात का उभा केलास?" ती म्हणाली. "हात धुवा, ताटं वाढलीत."