खोपीतला पाचवा दगड

ड्रोन शिकायला आलेली आम्ही पोरं लोह्यातल्या एका शाळेच्या गच्चीवर जेवून बसलो होतो. शाळेची राखण करणाऱ्या व्यंकटमामांनी बिडी विझवली आणि सांगू लागले.

रामलिंग माझा बांधशेजारी. गोष्ट त्याची. तीन वर्षांमागची येळवस, म्हणजे शेतात पांडव पुजायची मार्गशीर्ष अमावस्या. दिवसभर शेतात आंबील, भज्जी झाली, संध्याकाळी पाहुणे गेले. शेतीची लाईट रात्रीच येते, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला रामलिंग मागे थांबला. कडब्याच्या खोपीत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, तसेच मांडलेले होते.

"झोप त्यांच्याशेजारी," थोरला भाऊ आदिनाथ जाता जाता म्हणाला. "सहावा म्हणून खपशील."

त्या साली गावोगाव एकच हूल होती. रात्री ड्रोन येतात, घरं हेरतात, मागून चोर येतात.

मध्यरात्र झाली असेल. घूं... घूं... आवाज आला. आभाळात लाल दिवा. थेट गावाकडे निघालेला. रामलिंगनं गोफण काढली. अमावस्येचा अंधार. दगड सापडेना. हात खोपीत गेला...

एकच फेक. दिवा ज्वारीत पडला.

तेवढ्यात फोन वाजला. पुतणी, आदिनाथची आरती.

"काका, आबा पडलेत. श्वास न्हाई. आई त्यांची छाती दाबायली. हृदय चालू करायला शॉक द्यायची पेटी दवाखान्यानं ड्रोननं पाठवलीय म्हणले. आपल्या शेतावरूनच येती. दिसली का?"

रामलिंग ज्वारीत शिरला. दिवा अजून लुकलुकत होता. खाली दोरीला पेटी. धड होती.

"न्हाई," रामलिंग म्हणाला. "न्हाई दिसली."

"मामा, पेटी उचलून पळाला असता तर?" आमच्यातल्या एकानं विचारलं.

मामांनी विझलेली बिडी कानामागं खोचली.

"त्यानं मलाबी हेच इचारलं."

आदिनाथ गेला. सकाळी ड्रोन पाठवणाऱ्या दवाखान्याची उर्वी डॉक्टरीण आली. बाहेर शिकून परतलेली, तरणी. ड्रोनच्या तुटलेल्या पात्यावर चुना दिसला तिला. वर बघून म्हणाली, "चूक आमची. आधी ड्रोन गावात आणून दाखवायला पाहिजे होतं." रामलिंग समोरच उभा होता. खोपीत चारच दगड होते. पाचवा त्यानं लई शोधला. ज्वारी काढली, रान मोकळं झालं. नाही मिळाला.

पुढच्या येळवशीला त्यानं खोप केली नाही. चुना कालवला नाही. रात्री अंगणात बसला, आदिनाथच्या रिकाम्या बाजेजवळ.

घूं... घूं...

वर दिवा नव्हता. काहीच नव्हतं. आवाज छपरावर येऊन थांबला. मग दोरी सुटल्यासारखी सरसर... हळू. खाली. बाज करकरली. कुणीतरी ओझं ठेवावं तशी.

रामलिंगनं डोळे मिटले. कुणी काही विचारलं नव्हतं.

"दिसली होती, दादा," तो म्हणाला. "दिसली होती..."

आवाज निघून गेला.

उजाडायच्या आत तो मला बोलवायला आला. मी गेलो. बाजेवर दगड होता.

मी हात लावला त्याला.

मामांनी अंगठा बोटावर घासला.

चुना ओला होता.